वंशावळीतले न लिहिलेले पान

सातारा आणि सांगली ही दोन नावे एकत्र उच्चारली की इतिहासाच्या अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती दप्तरे. वाईस राजवाड्यांना जुन्या कागदांचा ठेवा गवसला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. साताऱ्यास पारसनीसांनी आयुष्यभर कागद आणि चित्रे जमविली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतली शिकवणी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड सिद्ध केले. अशा मुलखातल्या माणसाला वंशावळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. वतनाच्या तंट्यात पाच-पाच, सात-सात पिढ्यांचा हिशेब तोंडपाठ सांगणारी घराणी येथे होती. पुढे छापखाने आले, तेव्हा अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांतही छापून घेतले.

या वंशावळींत थोरला कोण, धाकटा कोण, दत्तक कोठून आला, इनाम कोणाकडे गेले हे सारे सापडते. तथापि एक पान त्यांत सहसा सापडत नाही. कोणाला काय आजार होता, तो बापालाही होता काय आणि पुढे मुलांत उतरला काय, याची नोंद करण्याची आपल्याकडे चाल नाही. ‘अल्पवयात वारला’, ‘अपंग होता’, ‘निर्वंश’ एवढ्या दोन-तीन शब्दांत अशा माणसाची बोळवण होते. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो या न लिहिलेल्या पानाचा आहे. त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या मुंबईत घडले, आणि ते मराठी वाचकांना जितके ठाऊक असावयास हवे तितके ठाऊक नाही.

पुढील चित्र आपल्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिलेले असेल. पस्तिशीचा एक गडी, अंगाने भरलेला, कष्टाला वाघ. एके दिवशी शेताच्या बांधावरून चालताना त्याचा पाय वेडावाकडा पडतो. काही महिन्यांनी दोन्ही पाय फाकवून चालावे लागते. जीभ जड होते आणि शब्द एकमेकांत घोटाळतात. चहाची कपबशी तोंडाशी नेताना हात भलतीकडे जातो. गावाचा निवाडा एव्हाना ठरलेला असतो : गडी पिऊ लागला! ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही त्यालाही हा डाग लागतो. मग घरातली एखादी म्हातारी सांगते की, याच्या बापाचेही उतारवयात असेच झाले होते. झाले! लगेच शापाची गोष्ट निघते, देवाचे काही राहून गेले काय याचा शोध सुरू होतो, अंगारे-धुपारे होतात, आणि सरतेशेवटी ‘सून आली आणि घराची दशा फिरली’ असे म्हणून सारा दोष परक्या घरातून आलेल्या त्या बाईच्या माथी मारला जातो. वास्तविक या सर्व कथेत जिचा काडीचाही संबंध नसतो ती एकटी तीच असते. ते कसे, हे पुढे येईलच.

शास्त्राला या विकारांची ओळख होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. १८६३ साली हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीड्राइख या वैद्याने लहान वयात तोल जाऊ लागणाऱ्या भावंडांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८९३ साली पॅरिसच्या पिएर मारी याने दाखविले की, मोठ्या वयात सुरू होणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा असा एक निराळाच प्रकार आहे. तोल आणि हालचालींचा मेळ सुटणे याला वैद्यकात ‘अटॅक्सिया’ म्हणतात. डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू हा या मेळाचा कारभारी. त्यातील पेशी हळूहळू झिजल्या की स्नायूंत बळ असूनही हालचाल ताळ्यावर राहत नाही. इतके कळले, पण पुढे पाऊण शतक नुसता गोंधळ माजला. प्रत्येक पंडिताने आपल्या रोग्यांना निराळे नाव द्यावे, एकाच घरातल्या दोन भावांवर दोन नावांचे शिक्के बसावेत, अशी स्थिती झाली. यादी लांबत गेली आणि तिच्यातून अर्थ मात्र निघेना.

आता मुंबईकडे वळू. कृष्णाकाठच्या रोग्याची वाट पूर्वापार ठरलेली होती. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडले, तेव्हापासून आधी मिरज आणि तेथे निभले नाही तर मुंबई. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९५७ च्या सुमारास नोशीर होरमसजी वाडिया नावाचे एक तरुण पारशी डॉक्टर विलायतेतील शिक्षण आटोपून रुजू झाले आणि मज्जातंतूंच्या विकारांचा स्वतंत्र विभाग त्यांनी तेथे उभा केला. मेंदूच्या आतली चित्रे दाखविणारी यंत्रे त्या काळी नव्हती. वैद्याचे भांडवल म्हणजे त्याचे डोळे, एक लहानशी हातोडी आणि रोग्याची हकीकत ऐकून घेण्याचा धीर.

तोल गेलेले रोगी तपासता तपासता वाडियांच्या ध्यानात एक गोष्ट आली. यांतील काही रोग्यांची नजर संथ होती. ती अधू नव्हती, त्यांना दिसत सगळे होते. पण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर डोळे न्यावयास सांगितले की ते झटकन उडी मारीत नसत, तर ओझे वाहून नेल्यासारखे सावकाश सरकत. पुष्कळ रोगी डोळ्यांऐवजी मानच वळवीत.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु तिचे मर्म समजावून घेण्याजोगे आहे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीकरांना नटाची निम्मी भूमिका डोळ्यांत असते हे सांगावयास नको. आपण वाचतो तेव्हाही नजर ओळीवरून सलग घसरत नाही. ती टप्प्याटप्प्याने उड्या मारते. यांतली मोठी उडी सेकंदाला चारशे-पाचशे अंश इतक्या वेगाने होते आणि पाते लवायच्या आत संपते. या उडीचा हुकूम सुटतो मेंदूच्या देठातील एका ठराविक ठिकाणच्या पेशींकडून. तेव्हा संथ नजर याचा अर्थ असा की, लहान मेंदूबरोबर ते ठिकाणही झिजू लागले आहे. कवटीच्या आत न शिरता आतल्या झिजेची जागा दाखविणारी ही खूण होती, आणि ती ओळखण्यास वैद्याचे बोट व रोग्याचे डोळे यांपलीकडे काही लागत नव्हते.

वाडियांनी येथेच थांबून चालणार नव्हते. ही खूण एखाद्या रोग्यातला योगायोग आहे की घराण्याचा गुण आहे, हे ठरविण्याचा मार्ग एकच : वंशावळ. रोग्याचे भाऊ, बहिणी, चुलते, आत्या यांची माहिती काढावयाची, शक्य त्यांना तपासावयाचे आणि कागदावर पिढ्या मांडावयाच्या. खरेशास्त्री मिरजेस जे करीत होते तेच हे काम. फरक इतकाच की येथे दप्तर जिवंत माणसांचे होते. १९७१ साली वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांचा निबंध ‘ब्रेन’ या इंग्लंडातील प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नऊ कुटुंबांचा आधार देऊन त्यांनी मांडले की, मंद नेत्रगती असलेला हा आनुवंशिक अटॅक्सियाचा एक नवा, स्वतंत्र प्रकार आहे. ज्या यादीत युरोपातील पंडितांची नावे दाटीने बसली होती तीत ‘वाडिया-स्वामी विकार’ हे नाव दाखल झाले.

यानंतर हा इतिहास समुद्रापार जातो. लंडनच्या डॉक्टर अनिता हार्डिंग यांनी १९८० च्या सुमारास या साऱ्या विकारांची नव्याने वर्गवारी करून जुन्या गोंधळाला बांध घातला. इकडे क्यूबा देशातील ओल्गिन प्रांतात या जातीच्या विकाराने ग्रासलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने आढळली; जगात अन्यत्र कोठेही इतकी दाटी नाही. त्या कुटुंबांच्या वंशावळी आणि रक्त यांच्या साह्याने १९९३ साली दोषाची जागा बाराव्या रंगसूत्रावर आहे असे ठरले. १९९६ साली अमेरिका, जपान व फ्रान्स येथील तीन संशोधक-गटांनी एकाच वेळी प्रत्यक्ष जनुक हुडकून काढले. या विकाराला आता ‘एससीए-दोन’ असे आखूड नाव मिळाले.

जनुकात झालेली चूक कोणती, हे समजण्यास दप्तराचाच दाखला उपयोगी पडेल. जुन्या कागदाची नक्कल करणारा कारकून एखाद्या शब्दाशी आला आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत गेला, तर कागदाचा मजकूर बिघडेल. आपल्या जनुकांची लिपी चार अक्षरांची. तीन अक्षरांचा एक शब्द या जनुकात ओळीने बहुधा २२ वेळा येतो, आणि त्यात काही अपाय नाही. परंतु ती संख्या ३३ वा त्याहून अधिक झाली की त्या जनुकावरून बनणारे प्रथिन बिघडते आणि वर्षानुवर्षे पेशींना जाचत राहते. माणूस तीस-पस्तीस वर्षे धडधाकट असतो आणि मग खचू लागतो, याचे कारण हेच. शिवाय नकलेवरून नक्कल होताना ही पुनरुक्ती वाढण्याकडे कल असतो, विशेषतः ती बापाकडून येते तेव्हा. त्यामुळे बापाला पन्नाशीत लागलेले दुखणे मुलाला पंचविशीत गाठते. ‘शाप पिढीगणिक कडक होतो’ या समजुतीमागे खरे निरीक्षण होते. फक्त त्याचा उलगडा शापात नव्हता.

१९९८ साली वाडिया पुन्हा ‘ब्रेन’ मध्ये दिसतात. या वेळी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांच्या वंशावळींना जनुकाच्या परीक्षेची जोड दिली, आणि एससीए-दोनच्या निदानात संथ नजरेचे महत्त्व किती हे दाखवून दिले. मधल्या सत्तावीस वर्षांत शास्त्र कोठल्या कोठे गेले होते, पण खाटेशेजारी उभे राहून टिपलेली ती खूण खोटी ठरली नाही. आज भारतात आढळणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियांत हा एक प्रमुख प्रकार म्हणून ओळखला जातो. २०१२ साली वाडियांना पद्मभूषण मिळाले. २०१६ साली ते निवर्तले.

आता साहजिकच प्रश्न येतो की, नाव कळले, जागा कळली, अक्षर कळले, औषधाचे काय? येथे आम्ही श्रोत्यांना खोटी आशा दाखवू इच्छीत नाही. एससीए-दोनची झीज थांबविणारे औषध अद्याप नाही. परंतु वाट कोणती हे दिसू लागले आहे. जनुकाचा हुकूम पेशीत थेट अमलात येत नाही. त्याची एक नक्कल निघते आणि ती कारखान्याकडे जाते. चुकीचे आज्ञापत्र जासुदाच्या हातीच फाडून टाकता आले तर? २०१७ साली अमेरिकेत या तत्त्वावरचे औषध एससीए-दोन असलेल्या उंदरांच्या मेंदूत दिले, तेव्हा फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची त्यांची शक्ती सुधारली. माणसांत ही कल्पना प्रथम वापरली गेली ती दुसऱ्या एका दुखण्यात. याच जनुकातील पुनरुक्ती थोडी वाढलेली असली तर एएलएस हा स्नायूंचे बळ हरण करणारा आजार, जो स्टीफन हॉकिंग यांना जडला होता, तो होण्याचा संभव वाढतो, असे २०१० साली दिसून आले होते. त्या रोग्यांवर प्रयोग झाला. २०२४ साली निष्कर्ष आला : औषधाने प्रथिन कमी झाले, पण रोग्याला लाभ झाला नाही, आणि प्रयोग थांबविण्यात आला. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर असे मोठे असते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. अशाच जातीच्या औषधाने एका भावंड-विकारात यश आले आहे. लहान मुलांच्या मज्जारज्जूतील पेशी झिजविणारा ‘एसएमए’ हा आनुवंशिक विकार; त्याचे जनुक १९९५ साली सापडले आणि २०१६ च्या अखेरीस त्यावरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. तेथे आज्ञापत्र फाडावयाचे नसते, तर शेजारच्या जनुकाचे अर्धवट वाचले जाणारे पत्र नीट वाचून घ्यावयाचे असते. फ्रीड्राइखने ज्या विकाराचे वर्णन १८६३ साली केले त्याचे जनुक १९९६ साली मिळाले आणि पहिले औषध २०२३ साली अमेरिकेत संमत झाले. वर्णनापासून औषधापर्यंत १६० वर्षे! वाडियांच्या निबंधाला अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत.

एसएमए आणि फ्रीड्राइखचा विकार यांचा उल्लेख आला, त्यावरून आपल्या मुलखाशी निगडित असा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. वारसा दोन वाटांनी येतो. एससीए-दोनची वाट एका प्रवाहाची आहे. आई वा बाप यांपैकी एकाकडे दोष असला की पुरे; प्रत्येक मुलात तो उतरण्याचा संभव निम्मा, मग तो मुलगा असो की मुलगी. बाहेरून आलेल्या सुनेचा यात काही दोष नाही असे आम्ही म्हणालो ते याच अर्थाने : नवऱ्याला झालेले दुखणे त्याच्या स्वतःच्या आईकडून वा बापाकडून आलेले असते. दुसरी वाट संगमाची आहे. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तसे दोन्ही बाजूंनी एकच दोष येऊन मिळाला तरच एसएमए किंवा फ्रीड्राइखचा विकार प्रकट होतो. आईबाप दोघेही निरोगी असतात. दोघांकडे दोषाची एकेक प्रत असते आणि त्यांच्या दर मुलामागे विकाराचा संभव एक चतुर्थांश असतो.

आता मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात किती रुळलेली आहे हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. सातारा-सांगलीकडील श्रोत्यांना ते ग्रंथात पाहण्याचीही गरज नाही. मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्या जनुकांचा सुमारे एक अष्टमांश भाग समान असतो. म्हणून संगमाच्या वाटेने येणाऱ्या विकारांचा संभव अशा लग्नात वाढतो. तो किती वाढतो हेही सांगितले पाहिजे, नाहीतर भलतीच भीती पसरेल. गंभीर जन्मजात विकाराचा धोका कोणत्याही जोडप्याच्या मुलाला दोन-तीन टक्के असतोच. मामे-आते नात्यात तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निकोपच निपजतात. ज्या घरात एखादे मूल अशा विकाराने गेले आहे, तेथे मात्र पुन्हा नात्यात सोयरीक जुळविण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घेणे हे शहाणपणाचे. एससीए-दोनचा आणि मामे-आते लग्नाचा संबंध नाही, हेही त्याच बरोबर ध्यानात ठेवावे. दोन वाटांची गल्लत केल्याने पुष्कळ घरांत विनाकारण भांडणे झाली आहेत.

मग आपण काय करावे? आम्हांला वाटते, वंशावळीतले ते पान आता लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे : आजोबांचा तोल कोणत्या वयात जाऊ लागला, चुलत्यांचे बोलणे कधी जड झाले, कोणती आत्या लहानपणीच गेली. डॉक्टरापुढे बसल्यावर ही चार वाक्ये दहा तपासण्यांचे काम करतात. दोष आहे की नाही हे आज थोड्याशा रक्तावरून कळते.

परंतु हे पान लिहावे म्हणजे ते चव्हाट्यावर वाचावे असे नव्हे. सोयरीक जुळविताना मुलीच्या घराण्याची खोड काढण्यासाठी जर कोणी त्याचा उपयोग करणार असेल, तर पूर्वीचे अज्ञान बरे असे म्हणण्याची पाळी येईल. शिवाय ज्याला अजून काहीच झालेले नाही अशा पंचविशीतल्या मुलाने आपले भविष्य जाणून घ्यावे की नाही, हा त्याचा एकट्याचा प्रश्न आहे. बापाने हुकूम करावा, किंवा होणाऱ्या सासऱ्याने अट घालावी, असा तो नव्हे. क्यूबाने २००१ साली निरोगी नातेवाइकांसाठी अशी परीक्षा सुरू केली, ती समुपदेशनाची जोड देऊन. लक्षणे नसलेल्या अजाण मुलांची अशी परीक्षा करू नये हा दंडक जगभर मान्य झालेला आहे. जाणण्याचा हक्क जितका खरा तितकाच न जाणण्याचाही.

आणि औषध नाही म्हणून करण्याजोगे काहीच नाही असेही नाही. तोल आणि मेळ यांचा नित्य व्यायाम नेटाने केला तर चालणे सुधारते, हे अभ्यासांनी दाखविले आहे. घरात कठडा, हाती काठी, न्हाणीत न घसरणारी फरशी, गिळताना ठसका लागू लागल्यास जेवणाची बदललेली रीत, या साध्या गोष्टींनी रोग्याची पुष्कळ वर्षे सुसह्य होतात. पण सर्वांत स्वस्त उपाय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती आहे. रस्त्याने झोकांड्या खात येणारा माणूस दिसला की ‘पिऊन आला’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावे, आणि त्याची नजर आपल्याकडे सावकाश वळत असेल तर ती वळेपर्यंत वाट पाहावी. मुंबईच्या रुग्णालयात एका वैद्याने तेवढीच वाट पाहिली होती, आणि त्यातून एका विकाराचा इतिहास लिहिला गेला.